बातमीची पोच

एक प्राध्यापक होते. विद्यापीठात पत्रकारिता शिकवायचे. एकच हकिकत शब्द, आवाज, छायाचित्र, चित्रफीत आणि नकाशा यांच्या मेळातून ऑनलाइन कशी सांगायची, हा त्यांचा विषय. स्वतः ते छापील वृत्तपत्रात वाढलेले. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा ते एका दैनिकात रात्रपाळीचे उपसंपादक होते. मोडेमच्या किरकिरीतून पडद्यावर एकेक ओळ उतरणारं छायाचित्र त्यांनी पाहिलं आणि आपल्या धंद्याचं उद्याचं रूप त्यांना दिसलं. पुढे ते शिकवू लागले. संकेतस्थळं आली, पॉडकास्ट आले, मोबाइलवरची पत्रकारिता आली, ड्रोन आले. प्रत्येक साधन आधी स्वतः शिकायचं आणि मग मुलांच्या हाती द्यायचं, हा त्यांचा नेम होता. त्यांचे विद्यार्थी मोठमोठ्या वृत्तसंस्थांमध्ये नाव कमावून होते.

निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा, 2023 च्या मे महिन्यात, शेवटच्या तुकडीतल्या तिघांना घेऊन सर रायगड जिल्ह्यातल्या महाडला आले. एक मुलगा पुण्याचा, एक ठाण्याचा आणि एक मुलगी लातूरची. सरांचं मूळ घर पोलादपूर तालुक्यातलं. हा मुलूख त्यांच्या पायाखालचा होता.

पहिल्या दिवशी ते मुलांना चवदार तळ्यावर घेऊन गेले. पायऱ्यांवर बसल्यावर सर म्हणाले, “20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकरांनी या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, हे तुम्ही शाळेत शिकलात. आज त्यातला आपल्या कामाचा धडा ऐका. पाणी पिऊन माणसं मंडपाकडे परतली आणि गावात आवई उठली, की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तसा काही बेतच नव्हता. तरी काठ्या घेऊन जमाव धावून आला आणि जेवायला बसलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या माणसांना मारहाण झाली. खोट्या बातमीला छापखाना लागला नाही. खऱ्या हकिकतीला मात्र हक्काची जागाच नव्हती. ‘मूकनायक’ हे बाबासाहेबांचं पाक्षिक 1920 साली निघालं होतं. पण तोवर ते बंद पडलं होतं. मग सत्याग्रहानंतर पंधरवड्याच्या आत, 3 एप्रिल 1927 ला, त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ काढला आणि महाडला काय घडलं ते स्वतःच्या लेखणीने मांडलं.”

लातूरच्या मुलीने विचारलं, “पण सर, ज्यांच्यासाठी हा लढा होता, त्यांतल्या कितीजणांना वाचता येत होतं?”

“फार थोड्यांना. म्हणून तर ते एका पाक्षिकावर थांबले नाहीत. वाचणाऱ्यांसाठी पाक्षिक होतं. न वाचणाऱ्यांसाठी परिषद होती. डिसेंबर 1927 ला ती पुन्हा महाडलाच भरली. पुढे गावोगाव जलसे झाले. तळ्याचा दावा न्यायालयात चालला आणि 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. सांगणं सगळीकडे एकच होतं. ऐकणारा बदलला की सांगण्याची वाट बदलत होती.”

तिथून ते सावित्रीच्या पुलावर आले. नवा पूल 2017 साली वाहतुकीला खुला झालेला. त्याच्या शेजारी 1928 सालचा दगडी कमानींचा पूल होता, तो 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या नदीत गेल्या.

“त्या रात्री पहिली बातमी कोणी दिली?” सरांनी विचारलं.

मुलांनी एकेका वाहिनीचं नाव घेतलं.

“पुलाजवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराने. पूल गेला हे दिसताच तो भर पावसात येणाऱ्या गाड्या थांबवायला लागला. त्याची बातमी एका ओळीची होती आणि ती अंधारातून येणाऱ्या चालकांसाठी होती. ती घटकाभर उशिरा पोचून चालणारच नव्हतं.”

तिसऱ्या दिवशी ते डोंगराकडे निघाले. वाटेत सर एकेक गावाचं नाव घेत होते. महाड तालुक्यातली जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर 2005 च्या जुलैत दरडी आल्या. तळिये 22 जुलै 2021 ला दरडीखाली गेलं, ऐंशीहून अधिक माणसांचा जीव गेला. त्याच सुमारास पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखरच्या सुतारवाडीवर डोंगर उतरला. त्या वेळी महाडची बाजारपेठ पाण्याखाली होती, रस्ते बंद होते, मोबाइल मुके झाले होते. तळियेत काय झालं ते जगाला कळून मदत पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला.

शेवटी ते ज्या वाडीत थांबले तिचं नाव इथे सांगत नाही. डोक्यावर डोंगर आणि खाली भाताची खाचरं अशा वाड्या या दोन तालुक्यांत जागोजाग आहेत. वीसेक घरं, त्यांतली निम्मी कुलुपात, कारण माणसं मुंबईला. वाडीच्या कडेने पऱ्या, म्हणजे ओढा, वाहतो. खालच्या सपाटीवर शाळा, मधे मारुतीचं देऊळ. मोबाइलला रेंज मिळते ती देवळामागच्या टेपाडावर. सगळ्यांत वरच्या घरात एक आजी एकटी राहते.

सरांनी काम दिलं. “विषय एकच, या वाडीवरचा डोंगर. तीन-साडेतीन महिने तुमचे. काय करायचं, कोणत्या साधनाने करायचं, तुम्ही ठरवा. सप्टेंबरात मी वरच्या घरातल्या आजींना भेटेन. गुण तुमच्या कामाच्या देखणेपणाला नाहीत. बातमीची पोच त्यांना मिळाली का, त्यावर आहेत.”

पुण्याच्या मुलाच्या मनात ‘स्नो फॉल’ होतं. न्यूयॉर्क टाइम्सने डिसेंबर 2012 मध्ये प्रसिद्ध केलेली ही हकिकत बहुमाध्यम पत्रकारितेच्या वर्गात जगभर दाखवली जाते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात हिमकडा कोसळून माणसं गाडली गेली, ते जॉन ब्रँच यांनी लिहिलं आणि त्याला चित्रफिती, हलते नकाशे, आवाज यांची जोड देण्यात आली. त्या लेखनाला 2013 साली पुलित्झर पुरस्कार मिळाला. आपणही दरडीची अशी हकिकत करायची, असं मुलाने ठरवलं. रीतसर परवानग्या काढून त्याने पहाटेच्या उन्हात, मग पहिल्या पावसात डोंगरावर ड्रोन उडवला. 2021 ची रात्र ज्यांनी काढली त्या माणसांचे आवाज टिपले. काम खरोखर सुंदर झालं. मुंबई-पुण्यात ते पुष्कळांनी पाहिलं. वाडीतही टेपाडावर बसून लोकांनी पाहिलं आणि म्हणाले, “आपलं गाव काय झकास दिसतंय!”

ठाण्याच्या मुलाने नकाशा केला. उतार, ओढे, जुन्या दरडींच्या जागा, धोक्याच्या यादीतली गावं, सगळं त्यात होतं. तो नकाशा पुरा होत असताना 19 जुलै 2023 च्या रात्री याच जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, इर्शाळवाडी दरडीखाली गेली. धोक्याच्या यादीत तिचं नाव नव्हतं. मुलाला त्या रात्री झोप आली नाही. यादीत नसलेल्या पण तितक्याच उभ्या उतारांखाली असलेल्या वस्त्या त्याने पुन्हा शोधल्या आणि नकाशात भरल्या. मेहनत मोठी होती. पण तो नकाशा वाडीतल्या फोनवर उघडायलाच तयार नव्हता.

लातूरच्या मुलीने पहिले आठ-दहा दिवस कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. 2016 च्या उन्हाळ्यात तिच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. घागर-घागर मोजत ती लहानाची मोठी झाली होती. एवढं पाणी एकदम आभाळातून पडताना तिने कधी पाहिलं नव्हतं. ती घरोघर ओटीवर बसायची आणि एकच गोष्ट विचारायची: पावसाची खबर तुम्हाला कुठून कळते, कोणाकडून आणि कधी?

उत्तरं साधी होती. पहिला वारा सुटला की वीज जाते, टीव्ही बंद. मुंबईच्या मुलाचा फोन रात्री येतो, तोही कोणी टेपाडावर गेलं तर. वाचता येणारी माणसं थोडी, आणि तीही दिवसभर खाचरात. वरच्या घरातल्या आजी म्हणाल्या, “टीव्ही सांगतो रायगडाला रेड अलर्ट. रायगड जिल्हा का लहान हाय? उरणपास्नं आमच्या पोलादपुरापर्यंत. आमच्या डोस्क्यावर किती पडला, ते कोन सांगनार?”

मुलगी विचार करू लागली. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते. 22 जुलै 2021 च्या दिवसरात्रीत महाबळेश्वरला जवळपास 600 मिलिमीटर पाऊस झाला होता आणि ते पाणी पोलादपूरवरून महाडला उतरलं होतं. त्यात खाडीला भरती असली की पुराला उतरायला वाट मिळत नाही. महाबळेश्वरचा आकडा वेधशाळा देते. पण या वाडीवर, या पऱ्याच्या माथ्यावर किती पडला, हे मोजणारं कोणीच नव्हतं. बातमीच तयार होत नव्हती, मग ती पोचणार कशी?

तिने शाळेतल्या मुलांना हाताशी धरलं. सरळ उभ्या बाजूंची प्लास्टिकची बाटली वरून कापली, कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवला. बुडाशी खडे भरून त्यावर पाणी ओतलं आणि त्या पातळीला शून्याची खूण केली. बाजूला मोजपट्टी चिकटवली. वेधशाळा सकाळी साडेआठला चोवीस तासांचा पाऊस मोजते, म्हणून मुलांनीही तीच वेळ धरली. आकडा रोज देवळासमोरच्या फळ्यावर खडूने लिहायचा. किती पावसानंतर घर सोडायचं, हे तिने मनाने ठरवलं नाही. तहसील कार्यालयात विचारलं, भूगर्भशास्त्राच्या एका प्राध्यापकांना वाडी दाखवली आणि त्यांच्या सल्ल्याने बाटलीवर तांबडी रेघ ओढली. फळ्यावर आकड्याखाली चार खुणा चित्रं काढून लिहिल्या. पऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, भर पावसात पऱ्या आटला, झाडं किंवा विजेचे खांब कलले, जमिनीला नाहीतर भिंतीला नवी भेग पडली, तर रेघेची वाट न बघता निघायचं. संध्याकाळी गावातल्या आशाताई अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप पाठवायच्या. ताईंचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, त्यामुळे निरोप कोणाचा हे विचारावं लागत नव्हतं. वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळालाही तोच निरोप जायचा. रेंज गेली तर शाळेची घंटा.

जुलैच्या अखेरीस एका संध्याकाळी पाणी रेघेवर गेलं. घंटा झाली. गुरांची दावी सोडून, पोरांना घोंगड्यांत गुंडाळून वाडी शाळेत आली. रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी उघडीप पडली तेव्हा डोंगर जागच्या जागी होता.

लोक घरी परतले, पण कुरकुर सुरू झाली. “रातभर पोरं भिजली, आन झालं काय?” कोणी म्हणालं, “शहरातल्या पोरीचं ऐकून धावलो.” मुलीचा चेहरा उतरला. टेपाडावर जाऊन तिने सरांना फोन लावला. “सर, माझी बातमी खोटी ठरली. आता पुन्हा घंटा झाली तर कोणी यायचं नाही.”

सरांनी विचारलं, “आज सकाळी फळ्यावर काय लिहिलंस?”

“काहीच नाही. काय लिहिणार?”

“जे झालं ते, आणि जे झालं नाही तेही. रात्री धोका आहे असं तू सांगितलंस. सकाळी त्याचं पुढे काय झालं, हे तूच सांगायला हवंस. माणसांना रात्री उठवायचा हक्क, सकाळी उत्तर देणाऱ्यालाच असतो. आणि लिहिण्याआधी डोंगर बघ. तो खरंच जागच्या जागी आहे का?”

मुलीने पुण्याच्या मुलाला गाठलं. त्याने ड्रोन वर नेला. कारवीच्या दाट झाडीमागे, वाडीतून कधीच न दिसणाऱ्या कड्याजवळ, जमिनीला एक भेग होती. त्याने जूनमधली चित्रफीत शोधली. तीच भेग त्यातही होती, पण केसासारखी बारीक. सुंदर दृश्य टिपताना ती त्याच्या ध्यानात आली नव्हती. आता ती रुंदावून लांबवर गेली होती. ठाण्याच्या मुलाने ती नकाशावर मांडली आणि तिच्या थेट खाली कोणती घरं येतात ते दाखवलं. सगळ्यांत आधी आजीचं घर येत होतं.

त्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं गेलं: काल पाऊस रेघेवर गेला. दरड आली नाही. वरची भेग रुंदावली आहे. रेघ आता खाली आणली आहे. आशाताईंनी तेच निरोपात सांगितलं. कुरकुर करणाऱ्यांना पुण्याच्या मुलाने टेपाडावर बसवून दोन्ही चित्रफिती शेजारी-शेजारी दाखवल्या. कोणी बोललं नाही.

मग तिघांनी मिळून काम वाटून घेतलं. चित्रफीत मुंबईच्या मंडळाकडे गेली. सुटीत गावी येणारी, वर्गणी काढणारी ती माणसं. त्यांनी शाळेच्या छपराची दुरुस्ती आणि सौर दिव्यांचा खर्च उचलला. नकाशा एका कागदावर छापून, भेगेच्या छायाचित्रांसह, तहसील कार्यालयात अर्जाला जोडून दिला आणि अर्जाची पोच घेतली. त्यावरून पाहणीला माणसं आली. वाडीसाठी फळा, आवाज आणि घंटा. एकाच भेगेची बातमी तिघांकडे तीन रूपांत गेली आणि प्रत्येकाने आपल्या हातचं काम केलं.

पुढे घंटा आणखी एकदा झाली. सप्टेंबरात सर आले. वरच्या घराच्या ओटीवर बसले. आजींनी चहा केला.

“आजी, या मुलांनी तुम्हाला काय सांगितलं?”

आजी बोटांवर मोजत म्हणाल्या, “बाटलीचं पानी तांबड्या रेघेला लागलं की शाळंत जायचं. पऱ्या गढूळला नायतर आटला, तर बाटली बघत बसायचं नाय. निघताना आधी गुरांची दावी सोडायची, मग दार ओढायचं. वरती भेग हाय, ती ह्या पोराच्या यंत्रानं दावली. तिच्या खाली पयलं घर माजं, ते ह्या दुसऱ्यानं कागदावर दावलं.”

“आणि पहिल्यांदा घंटा झाली तेव्हा तर दरड आलीच नाही. मग दुसऱ्यांदा झाली तेव्हा गेलात?”

“गेले की. सगळ्यांच्या आदी गेले. पयल्या खेपेला काय झालं नाय, ते त्या पोरीनं दुसऱ्या दिशी फळ्यावर लिवलं. झाकलं नाय. जी पोर झालं नाय तेबी सांगती, ती झालं तर खोटं कशाला सांगंल?”

सरांनी तिघांनाही सारखेच गुण दिले. पुण्याच्या मुलाला राहवलं नाही. “सर, फळा, बाटली, घंटा सगळं तिचं. आम्हाला सारखे गुण कसे?”

सर म्हणाले, “जुलैपर्यंत तुझी चित्रफीत मुंबईत पोचली होती, जिच्या डोक्यावर भेग होती तिच्यापर्यंत पोचली नव्हती. त्या दिवशी तू ती टेपाडावर आणून दाखवलीस आणि लोकांनी पुन्हा शाळेत जायचं ठरवलं. नकाशाचंही तसंच, कागदावर उतरून कचेरीत गेला तेव्हा तो कामाला लागला. आणि तुम्हा दोघांशिवाय हिच्या फळ्यावर भेग कधी आलीच नसती. मी पंचवीस वर्षं मुलांना साधनं शिकवली. ती शिकायलाच हवीत, कारण ड्रोन नसता तर हा डोंगर आपल्याला काही बोललाच नसता. ‘स्नो फॉल’ मी अजूनही शिकवीन. गेलेल्यांची हकिकत नीट सांगणं हेही मोठं काम आहे. पण या मुलखात दर पावसाळ्यात नवी हकिकत घडायची वाट पाहत असते आणि ती घडू नये म्हणून सांगितलेली बातमी सगळ्यांत मोलाची. ती किती लोकांनी पाहिली हे मोजू नका. तिच्यावर विसंबून कोणी पाऊल उचललं, ते मोजा.”

तात्पर्य: बातमी ज्याच्या जिवाशी बांधलेली आहे त्याच्या दारी ती आधी न्यावी, त्याला उमगेल त्या रूपात न्यावी आणि ती खरी ठरो वा न ठरो, दुसऱ्या दिवशी जाऊन घडलं ते सांगावं. साधनं बदलत राहतील; एवढं पाळणाऱ्याच्या शब्दावर माणसं अंधारातही घराबाहेर पडतात.